पत्त्याची चौकशी

मंजुषाने पेनाची टोपी काढली, लावली, पुन्हा काढली. समोर बँकेतल्या साधना मॅडम कम्प्युटरकडे बघत होत्या, आणि त्यांचं ते बघणं काही बरं दिसत नव्हतं.

"नामंजूर झालं गं," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, तुम्हीच म्हणाल्या होत्या, पहिलं कार्ड आहे, लहानसंच, होऊन जाईल म्हणून."

"म्हणाले होते. पण तुझ्या नावावर आजवर कर्ज नाही, हप्ता नाही. तू कोण, हे कम्प्युटरला ठाऊकच नाही. म्हणून तर घरच्या पत्त्याची चौकशी लागली. आमचा माणूस अकोल्याला जाऊन आला. म्हणतो, अशी कोणी मुलगी तिथं राहत नाही."

"राहत नाही? मग मी काय झाडावर राहते?"

आवाज चढला तशी रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मंजुषाला त्याचं काही नव्हतं. अमरावतीच्या वसतिगृहात राहून ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती, आणि परदेशातल्या एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत सहा महिने शिकायची जागा तिला मिळाली होती. जागा पक्की करायची फी उद्या संध्याकाळपर्यंत भरायची, तीही स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डानंच, अशी तिकडची अट. पैसे होते, शिष्यवृत्तीतून मागे टाकलेले. पण बँकेचं साधं कार्ड टाकलं की तिकडून नकार यायचा. हिरव्यागार शेतात उभं करून बैलाच्या तोंडाला मुसकं बांधावं, तशी गत झाली होती बिचारीची.

"तो गेलाच नसेल, मॅडम. मोर्णा नदीकाठची आमची गल्ली एवढ्या उन्हात कोण शोधत बसतो? घरी पंख्याखाली बसून लिहून दिलं असेल."

साधना मॅडमनी चष्मा काढला. त्यांना या पोरीचं वाईट वाटत होतं, हे खरं.

"तसं असेल तर घरच्यांकडून लिहून आण, की कोणी आलंच नव्हतं म्हणून. उद्या दुपारपर्यंत आणलंस तर मी प्रकरण पुन्हा उघडते. मंजूर झालं की कार्डाचा नंबर लगेच मोबाइलवर येतो. पण तो येऊन गेला असेल आणि घरच्यांनीच नाही म्हटलं असेल, तर सहा महिने अर्ज करता येत नाही. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"घरचे कशाला नाही म्हणतील?" मंजुषाला हसूच आलं.

मिळाली त्या एसटीत ती चढली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं त्या न पाहिलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून टाकला. घरी कार्डाचं तिनं सांगितलंच नव्हतं. परदेशी जायचं सांगितलं होतं, पण कार्ड म्हणजे उधारी, एवढंच तिच्या वडिलांना, नत्थुजींना, कळायचं. उधारी म्हटलं की ते जेवणावरून उठायचे. आता आईची तेवढी सही घ्यायची, बाकीचं मागाहून समजावू, असं तिनं ठरवलं.

मैनाबाई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. लेकीला पाहिलं आणि हातातली जुडी तशीच सुटली.

"आली काय वं! बरं झालं आली. बाबा बाजारात गेले. मले तुह्यासंगं बोलाचंच होतं."

"काय झालं?"

मैनाबाईंनी दार लोटून घेतलं.

"परवा एक जन आला होता. मोटरसायकलवर. गळ्यात पट्टा, पाठीले बॅग. बंडूच्या गाडीच्या वक्ती आले होते ना, अगदी तसाच."

बंडू शेजारच्या पार्बताबाईंचा. त्याच्या मोटरसायकलचे हप्ते थकले तेव्हा वसुलीवाल्यांनी भर गल्लीत उभं राहून, चार घरांना हाका मारून, त्या माउलीची अब्रू काढली होती. किती तरी दिवस ती नळावर आली नाही. तेव्हापासून गल्लीचं ठरलेलं: बॅगवाला आला की कोणालाच काही माहीत नसतं.

"तुहं नाव घेतलं वं त्यानं. पुरं, बापाच्या नावासकट. म्हने, मंजुषा इथंच राह्यते ना? म्हटलं, कोन मंजुषा?"

मंजुषाचा हात बॅगेच्या चेनवर होता. तो तिथंच राहिला.

"मंग?"

"मंग काय! म्हने, तुमची पोरगी नाही काय? म्हटलं, मले पोरगीच नाही. पार्बताबाईनंही तेच सांगतलं. साऱ्या गल्लीनं सांगतलं. एक जन फुटला नाही, पाह्य! पानी मांगत होता बापा, थेही नाही देल्लं म्या."

बोलता बोलता मैनाबाईंचा चेहरा फुलला होता. मग तो एकदम उतरला.

"तू काही घेतलं तर नाही ना वं कोठी?"

"नाही, आई. काहीच नाही घेतलं."

"मले वाटलंच. माही पोट्टी तशी नाही."

मंजुषाला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कोणावर? कोरा कागद पुढे केला असता तर आईनं न वाचता सही केली असती, कोणी आलं नव्हतं म्हणून. आणि उन्हातान्हात येऊन, पाणी न मिळता परत गेलेला तो माणूस खोटा ठरून घरी बसला असता. खरं सांगावं तर आई जन्मभर स्वतःला खात राहिली असती. दोन्ही गोष्टी आपल्याच्यानं होणार नाहीत, हे तिला कळलं. तिनं चेन ओढून घेतली.

"मंग अशी अचानक काहून आली?"

"सहज. तुझी आठवण आली."

मैनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"बस इथं. अशी, उगवतीकडं तोंड करून. जित्या पोरीले नाही म्हटलं म्या. असं तोंडातून काढाले नोको होतं. तवापासून जीव लागत नाही माहा."

मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी लेकीवरून उतरवल्या, पुटपुटत, डोक्यापासून पायापर्यंत. मूठ चुलीत पडली, तडतडली, आणि मिरच्यांचा असा ठसका उठला की दोघी खोकून खोकून बेजार झाल्या.

"ठसका लागला वं!" मैनाबाई खोकता खोकता हसायला लागल्या. "म्हंजे कोनाचीच नजर नव्हती तुले. उगंच भेत होती मी."

पदरानं त्यांनी मंजुषाचं तोंड पुसलं, कपाळावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

"आता जा बिनघोर, जायाचं तिकडं. तुह्या वाटेत कोनी येत नाही."

"हो, आई," मंजुषा म्हणाली.