काटा उतरवणारे महाराज

अड्ड्यावर सगळ्या मिनीबसची बॉनेटं उघडी होती आणि सगळे चालक डोळे मिटून उभे होते. गाड्या नुकत्याच घाटातून तापून आलेल्या. इंजिन बंद, चावी चालू, असा महाराजांचा नियम. महाराजांच्या अंगात पांढरी कफनी, हातात काळा दोरा आणि नखांत ग्रीस. ते ग्रीस कोणालाच दिसत नव्हतं, कारण डोळे मिटायचा हुकूमही महाराजांचाच.

"लोखंडाला चढलेला ताप लोखंडातच जिरो!" बाकीच्या गाड्या उरकून शेवटी आमच्या बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून महाराज गरजले. "उघड डोळे. बघ काटा!"

माझा पुतण्या डॅशबोर्डकडे धावला. पाण्याच्या तापमानाचा काटा मघाशी लाल पट्टीला टेकला होता. तो आता तळाशी निपचित पडला होता.

"काका, बघितलंत? गॅरेजवाला गाडी ठेवून जा म्हणत होता. इथे चुटकीसरशी काम!"

"चुटकीसरशी तर बशीतला चहासुद्धा गार होत नाही रे."

"तुमचा कशावर विश्वासच नाही!"

महाराजांनी पथ्य सांगितलं. आत बांधलेल्या दोऱ्याला हात लावायचा नाही, महिनाभर बॉनेट उघडायचं नाही आणि त्यांचा फोटो डॅशबोर्डवर चिकटवायचा. म्हणजे वैद्याला नाडी दाखवायची नाही, त्याची तसबीर मात्र उशाशी ठेवायची! पुतण्याने फोटो थेट एका जुन्या गोल मीटरवरच चिकटवला.

मी हसलोही असतो, पण पुढच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या, पुतण्याची आई. त्यांचे पाय सुजले होते. आज डायलिसिसची पाळी आणि हॉस्पिटल घाटापलीकडे. गाडी मध्येच बंद पडली, तर त्या वळणांवर त्यांना उचलून नेणार कोण?

शेजारी सूनबाई होती, पुतण्याची बायको. ती त्याच हॉस्पिटलात नर्स. तिने फोटोवर बोट ठेवलं. "याच्याखाली काय आहे?"

"इंजिन ऑइलच्या तापमानाचं मीटर. आधीच्या मालकाची हौस. असू दे गं," पुतण्या म्हणाला.

तिने नखाने आधी महाराजांचा कान सोलला, मग गाल. खाली तेलाचा काटा लाल पट्टीत थरथरत होता.

"अहो, आईंच्या काखेत ताप नाही आणि जिभेखाली एकशेचार, असं कधी झालंय? इंजिन एकच ना? मग त्यातलं तेल भाजतंय आणि पाणी बर्फ?"

महाराज हजरजबाबी. "आमची सत्ता पाण्यावर. तेलाचा विधी वेगळा."

"हरकत नाही. पाणी गार झालंय ना? मग ठेवा रेडिएटरवर तळहात. झाकण नका उघडू, नुसता हात ठेवा."

महाराजांचा तळहात हळूच कफनीत गेला. "शक्तीची परीक्षा घेऊ नये, मुली."

"मी ठेवतो!" म्हणत भोंगा पुढे सरसावला. हा अड्ड्यावरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा चालक आणि सगळ्यात मोठा भक्त. त्याने डोळे मिटून हात टेकवला आणि "आई गं!" करत असा उडाला, की त्याची चप्पल जागेवरच राहिली.

"तो दोरा तोड," सूनबाई नवऱ्याला म्हणाली. पुतण्या महाराजांकडे बघत घुटमळला.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "तोड रे. घाटात गाडी बसली, तर महाराज येणारेत का माझं रक्त गाळायला?"

पुतण्याने दोरा तोडला. आत सेन्सरची वायर उपटून दोऱ्याने बाजूला बांधून ठेवली होती. सेन्सर पाण्याचा ताप ओळखतो आणि वायरीतून काट्याला कळवतो. वायर काढली, की काट्याला निरोपच मिळत नाही आणि तो तळाशी पडून राहतो. पुतण्याने वायर जागेवर खोचली आणि काटा सरसर लाल पट्टीवर चढला. खरा आजार त्या वायरीच्याच खाली होता. पाण्याचा पाइप चिरला होता आणि थेंब थेंब गळत होता.

मग सगळ्यांनी आपापले दोरे तोडले. प्रत्येक दोऱ्याखाली एक सुटी वायर. तेवढ्यात महाराज घाटाच्या वाटेला लागलेही होते. पायीच. आपल्याच दोऱ्याच्या गाडीत बसण्याइतके ते भोळे नव्हते.

इंजिन निवल्यावर गॅरेजवाल्याने पाइप बदलला. आम्ही उशिरा पोचलो, पण पोचलो. घाटभर वहिनींची नजर दोन्ही काट्यांवर होती.

काटा हा शत्रू नाही, बाबांनो. तो ओरडून दुखणं सांगतो. त्याची जीभ कापणाऱ्याला आपण महाराज म्हणतो आणि वर पायाही पडतो. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघा. जपून, भाजेल. पण भाजलेला हात बरा होतो.