चिमटलेली टोपी

रिव्हॉल्व्हरची तांब्याची टोपी... मसुराच्या दाण्याएवढी. जाकीट धुवायला टाकताना खिशात सापडलेली ती टोपी ट्वायलाने खिडकीच्या उजेडात धरली — आणि गोल कुठे आहे ही? दोन्ही बाजूंनी दाबलेली, किंचित लांबट. आठवडाभर खिशात होती आणि आपण एकदाही धड पाहिली नाही, कमाल झाली!

गेल्या रविवारी नेमबाजीच्या मैदानाचा प्रमुख मर्ल याने एका भरलेल्या रिव्हॉल्व्हरवरून काढून ही तिच्या हातावर ठेवली होती. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांचा खेळ, नियमही जुनेच — बार टेबलावर भरायचा, आधी बंदुकीची काळी दारू, मग शिशाची गोळी, वर चरबीचा लेप, म्हणजे चक्रातल्या एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरत नाही. घोडा आदळताच ठिणगी पाडून बार उडवणारी टोपी मात्र नेमबाजीच्या रेषेवर उभं राहिल्यावरच, नळी निशाणाकडे असताना. नवख्यांना हे ट्वायलाच शिकवायची. आणि ऑरिनचं, तिच्या नवऱ्याचं, रिव्हॉल्व्हर टेबलावरच टोपी चढवलेलं निघालं.

"कुणाचा हा शहाणपणा?" मर्ल कडाडला होता.

"ट्वायलाने भरलं माझं," ऑरिन हळूच म्हणाला. "हल्ली विसरते रे ती... तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

मर्लचा आवाज एकदम मऊ झाला — तो मऊपणाच जास्त लागला. "ट्वायला, या हंगामात तू आपली खुर्चीत बस. नवख्यांचं मी बघतो."

आणि तिने मान डोलावली! बार तिनेच भरला होता, मग टोपीही लावली असेल... आठवडाभर शेगडी बंद केली का ते उठून उठून पाहिलं, शेजाऱ्यांची नावं मनात घोकली. आई शेवटी शेवटी तिला बहीण समजायची. मीही ऑरिनला कुणीतरी दुसराच समजेन, ही धास्ती.

पण ही टोपी चिमटलेली आहे. सैल बसते म्हणून चिमटीत दाबून लावायची खोड ऑरिनची. "हातात फुटेल एक दिवस," ती ओरडायची, "तुझं आपलं काहीतरीच!" तो हसायचा. मी नाही चिमटत. मी जन्मात कधी टोपी चिमटली नाही! माझं डोकं शाबूत आहे... ती चक्क हसली, एकटीच, ओट्याला धरून.

मग हसू गेलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मर्लच्या जागी पुढच्या हंगामात त्याला बसायचं होतं, अंगावर चूक नको होती — ठीक, पण त्यासाठी माझी आई काढलीस? मेलेली माझी आई?

बाहेर गाडी थांबली. ऑरिन आत आला तो बारुदाचा सडक्या अंड्यासारखा वास घेऊनच.

"वा, मक्याचा पाव! मीठ घातलंस ना गं आठवणीने?" त्याने रिव्हॉल्व्हर साबणाच्या गरम पाण्याशेजारी ठेवलं. "धुऊन टाक. रिकामं आहे."

रिकामं आहे. लग्नापासून दर रविवारी हे ऐकून ती ते सरळ खोलून पाण्यात सोडत आली होती. नवख्यांना मात्र बजवायची, बंदूक कुणाच्या शब्दावर हातात घेऊ नका, सख्ख्या नवऱ्याच्याही नाही. आणि सगळ्यांत मोठ्याने ऑरिनच हसायचा.

टोपी डाव्या मुठीत घट्ट धरून तिने नळी मागच्या दाराबाहेर, मोकळ्या मातीकडे केली. घोडा अर्धा ओढला. चक्र फिरवत एकेक घर पाहिलं.

"अगं, सांगितलं ना रिकामं आहे."

"हो," ती म्हणाली.

खरंच रिकामं होतं. तिने चक्र पुन्हा पहिल्या घरापासून फिरवायला घेतलं.