पाहुण्याचा नियम

२००१ साली नाशिकमध्ये भविष्यकाळ झेरॉक्सवर मिळत असे. आमच्याकडे एका परदेशी खेळाचं पुस्तक त्याच मार्गाने आलं. सन २०४५, माणसांच्या डोक्यात तारा, कंपन्यांचं राज्य, आणि हे सगळं कागद, पेन्सिल, फाशांवर: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याची माहिती एका कागदावर लिहायची. झेरॉक्सवाल्याने नेमकी हॅकिंगची बावीस पानं गाळली होती. ती मी लिहिली.

दोनशे पानी वही, लाल शाईने समास आखलेली. कंपनीच्या कॉम्प्युटरवर पहारा देणारे प्रोग्रॅम कसे हल्ला करतात, कुणाला किती फासे, सगळं. सर्वांत वाईट प्रोग्रॅम 'डूख': चावला की पात्र मेलं. मग खेळाडूने पात्राचा कागद स्वतःच्या हाताने फाडायचा आणि खेळातून बाहेर पडायचं. हेही माझंच कलम. प्रत्येक पानाखाली चौघांच्या सह्या घेतल्या. वडील रजिस्ट्रार कचेरीत कारकून होते, त्याचा परिणाम.

दर रविवारी दुपारी सातपूरला प्रफुल्लच्या गच्चीवरच्या खोलीत जमायचो. खेळ तो चालवायचा, म्हणजे गोष्ट सांगायचा आणि पहारेकऱ्यांपासून बाकी सगळे तोच व्हायचा. खेळायला त्याची बहीण पायल, तृप्ती आणि मी. माझा हॅकर 'काजळी' दोन वर्षं जिवंत होता. वाद झाला की मी वही उघडायचो आणि जिंकायचो. हे सगळ्यांना आवडतं अशी माझी समजूत होती.

२००३च्या डिसेंबरात तृप्तीने विचारलं, कंपनीतल्याच कुणी पाहुणा म्हणून आत घेतलं तर डूख चावेल का? माझ्या नियमांत इतका रस कुणी घेतला नव्हता. मी लिहिलं, पाहुण्याला चावत नाही. तिने पुढे विचारलं, यजमानाने मधेच ओळख नाकारली तर? मी खूश होऊन उपकलम जोडलं: फासे न टाकता थेट मृत्यू. सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरणही दिलं. तिने मान डोलावून सही केली.

जानेवारीतल्या एका रविवारी तृप्तीचं पात्र कंपनीत नोकरीला लागलं आणि तिने काजळीला पाहुणा म्हणून आत घेतलं. मी कॉम्प्युटरमधल्या सातव्या दाराशी, डूखच्या पहाऱ्यापाशी पोचलो, तेव्हा प्रफुल्लने तिला विचारलं, "हा तुझ्याबरोबर आहे?"

"नाही. मी ह्याला ओळखत नाही," तृप्ती म्हणाली. पात्राच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

मी फासे उचलले होते. पायलने ते हळूच माझ्या हातातून काढून घेतले आणि कलमाचा क्रमांक सांगितला. पाठ होता तिला.

हे कधी ठरलं, असं मी विचारलं. दिवाळीत, प्रफुल्ल म्हणाला. मग पुढे म्हणाला, "चंदर, तुझ्याशी खेळत नव्हतो रे आम्ही. तुझ्यापुढे हजेरी लावत होतो."

मी वहीत पळवाट शोधली. माझं अक्षर चांगलं असल्याने शंकेला जागा नव्हती. काजळीचे चार तुकडे केले. चारच करायचे, असं कलम होतं.

वही पिशवीत घालू लागलो, तर तृप्तीने तिच्यावर हात ठेवला.

"ती राहू दे. पुढच्या रविवारी लागेल."

वही कुणाची, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ठेवून आलो.