दाब चढवलेली डबी

व्हिक्टरच्या सातिवलीच्या गाळ्यात कायदा एकच. नट आवळून आत दाब चढवलेल्या पोलादी डबीला पाना लावायचा तो प्रेसखाली ठेवूनच, नाहीतर आतला दट्ट्या गोळीसारखा सुटतो. छताच्या पत्र्याला तसं एक भोक होतं. व्हिक्टरनं ते मुद्दाम बुजवलं नव्हतं.

भाचा ॲल्रॉय आणि त्याचा दोस्त सुमेध, दोघं संशोधक. त्यांचा धातूही तसलाच तऱ्हेवाईक. कडाक्याच्या थंडीत त्यात चुंबकपणा येतो, आणि धातू डबीत आवळत नेला की तो चुंबकपणा न तापवता जागच्या जागी मरतो. सुमेध म्हणायचा, तिथं नुसती चुंबकपणाची शिस्त मोडते, आतले जड इलेक्ट्रॉन शाबूत राहतात. ॲल्रॉय म्हणायचा, छे, तेही तिथंच फुटतात. व्हिक्टरच्या डोक्यात एवढंच शिरलेलं की राडा झाला तर नुसती वरात मोडते का वऱ्हाडी पण, यावर ही पोरं रोज भांडतात.

त्या दुपारी सुमेध चहा घेऊन आला, तर ॲल्रॉयनं ठरल्याहून जास्त दाब चढवून नट आवळलेला. आत त्या धातूचा त्यांच्याकडचा एकुलता एक धड खडा.

"तुला विचारलं कोणी?"

"इथवर नेल्याशिवाय कोण खोटा ते कळणार कसं?"

"खडा फुटला असेल, गाढवा."

"मग तुझी थिअरी बचावली. पेढे वाट."

चहा भिंतीवर गेला. सुमेधच्या एका ठोशात ॲल्रॉयचं नाक फुटलं. ॲल्रॉयनं त्याचं डोकं धरून लेथवर आपटलं, दोनदा. व्हिक्टर मध्ये पडला तर कोणाचं तरी कोपर त्याच्याच दातांवर बसलं. रक्तानं डोळा मिटलेला सुमेध सुटला, त्यानं डबी टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात पकडली आणि नटाला पाना लावला. डबीचं तोंड सरळ ॲल्रॉयच्या छातीवर.

"सुमेध, प्रेसखाली घे," व्हिक्टर ओरडला.

ऐकतो कोण. व्हिक्टरनं हाताला लागला तो पाइप उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. वाळकं लाकूड मोडावं तसं हाड मोडलं. पाना खाली पडला.

सुमेध पांढराफटक होऊन खाली बसला. "अंकल, नट फिरला?"

"नाय."

ॲल्रॉयनं डबीच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडे. बाजूला सरकला. टॉवेलनं सुमेधचा हात बांधायला लागला, नाकातून थेंब गळतच होते.

"प्रेसवर घेऊन उतरवू दाब? तू म्हणशील तसं."

"चढवलायस तर मोजूया," सुमेध दात चावत म्हणाला. "मग तुला बघतो. डावा हात आहे अजून."

"आधी हाड बांधून या, हरामखोरांनो," व्हिक्टर म्हणाला.

त्याला पाइप खाली ठेवायचा होता. बोटं सुटेनात.