परक्या बाईशी

बुधवारी संध्याकाळी पप्पा शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते आणि कौसाआत्या अंबरनाथहून येऊन त्यांच्या चुका काढत होती.

"साल नीट काढ, धर्मा. खाताना तोंडात दोऱ्या येतात."

"आल्या तर बरंच आहे. त्याच दोऱ्यांनी तोंड शिवून घे," पप्पा म्हणाले.

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्याशी क्षणभर उभी राहिले. आई गेल्यावर पप्पांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. जेवण वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे, बंद केला तरी तसेच बघत बसायचे. आता ते बहिणीची थट्टा करत होते.

त्यांना समुपदेशकाकडे नेलं मीच. संजीवनी मॅडमची खोली उल्हासनगरला, पडद्यांच्या कापडाच्या एका दुकानावर. बदलापुरात कुणी मिळालं नसतं असं नाही. पण बदलापुरातल्या आमच्या बेलवलीत कोण कुठला जिना चढतं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि उल्हासनगरला आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दर गुरुवारी पप्पा शेजाऱ्यांना सांगून निघायचे, दाताचं काम चालू आहे.

"तुला दात आहेत तरी किती रे?" आत्या विचारायची.

आमच्या घरात एक रीत आहे. कुणीही डॉक्टरकडून आलं की चपला काढायच्या आत सगळे विचारतात, काय म्हणाले डॉक्टर? पहिल्या गुरुवारी मीही विचारलं.

"ती काही म्हणत नाही," पप्पा म्हणाले. "मीच बोलतो."

"काय बोलता?"

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि गॅलरीत गेले.

आत्याने फोनवर मला झापलं. "बोलायलाच जातो ना? मग आम्ही काय मुके आहोत? आणि ती बाई उद्या सगळ्या उल्हासनगर कॅम्पभर सांगेल. गोळी नाही, सुई नाही, ही कसली डॉक्टर!"

मी तिला समजावलं. वेड लागलेल्यांनीच जायचं असतं असं नाही, मनालाही वेळेवर बघावं लागतं, वगैरे. याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं आणि मला ते छान सांगता यायचं. पण पुढच्या गुरुवारी, त्याच्याही पुढच्या गुरुवारी, दारात मी तोच प्रश्न विचारला. काय म्हणाल्या मॅडम?

मग एकदा, आत्या आमच्याकडे आलेली असताना, पप्पांनी आल्या आल्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. "ह्या दिल्यात."

मी नाव वाचलं. बी-कॉम्प्लेक्स. समुपदेशक औषध देत नाहीत, हे मला माहीत होतं. ती त्यांनी स्टेशनजवळच्या मेडिकलमधून आणली होती, आम्हाला दाखवायला. मी पट्टी परत टेबलावर ठेवली. आत्याचं मात्र समाधान झालं. "आता कसं! औषध सुरू झालं." त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर ते माझ्यासमोर एक गोळी घ्यायचे.

त्या बुधवारी शेंगा संपत आल्या तेव्हा आत्या म्हणाली, "चांगला खडखडीत झालास की. आता कशाला जायचं वेड्यांच्या रांगेत बसायला?"

"रांग नसते तिथे, अक्का. समोरासमोर दोन खुर्च्या असतात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नूतन, उद्या जाऊ ना?"

त्यांना माझ्या परवानगीची गरज नव्हती. आई गेल्यापासून ते सगळंच विचारून करायचे.

"आता बरं वाटतंय ना, पप्पा?" मी म्हटलं. "मग राहू द्या. पुढे लागलंच तर बघू."

ताप उतरला की गोळी बंद करावी, तसं.

"बरं," ते म्हणाले, आणि उरलेली शेंग घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते खुर्चीतच कलंडले. हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, कुणाला काही करता आलं नसतं. मी ते मान्य केलं आहे. पण तो गुरुवार त्यांना हवा होता, त्यांनी तो मागितला होता, आणि मी नाही म्हटलं होतं.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी उल्हासनगरला गेले. संजीवनी मॅडमनी त्या गुरुवारी पप्पांना दोनदा फोन लावून पाहिला होता. पप्पा गेल्याचं मी त्यांना सांगितलं.

"पप्पा इथे काय बोलायचे?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"आता ते नाहीत."

"तरी ते त्यांचंच आहे, नूतन."

मला राग आला. "माझी आत्या म्हणायची, तुम्ही कॅम्पभर सांगाल. आणि तुम्ही मुलीलासुद्धा सांगत नाही."

त्या रागावल्या नाहीत.

"त्यांना यायला आवडायचं का, एवढं तरी सांगा."

"लवकर यायचे," त्या म्हणाल्या. "खाली दुकानदाराशी पडद्यांच्या रंगांवरून वाद घालत थांबायचे. वर आवाज यायचा मला."

हे पप्पा मला माहीतच नव्हते. मी डोळे पुसले.

"बसा हवं तर," त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. "आत्ता कुणी यायचं नाहीये."

मी बसले. त्यांनी काही विचारलं नाही. खाली कुणीतरी कापड टराटरा फाडत होतं. मग माझ्या तोंडून जे आलं ते मॅडमसाठी नव्हतंच.

"पप्पा, तुम्हाला बरं वाटत होतं म्हणून मी तुम्हाला थांबवलं, असं नव्हतं. मी घरात असताना तुम्हाला आईबद्दल परक्या बाईशी बोलावं लागतं, हे मला सोसत नव्हतं. मी वाट बघत होते तुमची. मलाही आईबद्दल बोलायचं होतं, पप्पा. तुमच्याशी."