मोहरी कमी आहे

लग्न झाल्यापासून आमच्या ह्यांनी मला एकदाही ‘छान झालंय’ म्हटलं नाही. भरल्या अंड्यांचं सारण झालं की मी थोडं हाताच्या पाठीवर घ्यायची आणि ह्यांच्या तोंडापुढे धरायची. हे चाटायचे, डोळे मिटायचे आणि खोट काढायचे. मोहरी कमी आहे. व्हिनेगर पुढे पळतंय. मिरपूड झोपलीय वाटतं आज. मी दोन शब्द सुनवायची, सांगितलं ते घालायची, आणि मग अंडी अशी उतरायची की शेजारणी कृती विचारायला यायच्या. मी अर्धीच सांगायची.

आमच्याकडची अंडी साधी. कडक उकडायची, उभी चिरायची, पिवळं काढून त्यात मेयोनीज, बाटलीतली वाटलेली पिवळी मोहरी, व्हिनेगर, मीठ, मिरपूड घालून घोटायचं, परत पांढऱ्यात भरायचं, वर लाल तिखटाची चिमूट. सून म्हणाली, इंग्रजीत ह्याला सैतानाची अंडी म्हणतात. म्हटलं, मग योग्य घरी आलीस.

ह्यांचा धंदा तराजू दुरुस्त करायचा. बाजारातले निम्मे काटे ह्यांच्या हाताखालून गेलेले. दुकानदार चहा पाजून हळूच म्हणायचे, जरासा आमच्या बाजूला झुकवा की. हे चहा अर्धवट टाकून उठायचे. जीभही तशीच, केसभर फरक झाला तरी गप्प बसणार नाही.

त्या जिभेच्या मुळाशीच गाठ निघाली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, “विजेचे शेक द्यावे लागतील, जोडीला सलाइनमधून औषध. घसा सोलून निघेल, गिळवणार नाही. पण वजन टिकलं तरच पुढचे शेक देता येतील. घसरलं तर थांबावं लागेल, शरीर सोसणार नाही.”

थांबावं लागेल म्हणजे काय, ते कळायला शाळेत जावं लागत नाही. मी चौथीतून घरी बसलेली बाई, मलाही कळलं.

त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर म्हणजे रणांगण. पांढरं ह्यांना गिळवेना, घशात रबरासारखं अडकायचं. म्हणून नुसतं पिवळं, चाळणीवर घासून. सून म्हणाली, “आई, ह्यात लोणी घालू या. साय घालू. उकडलेला बटाटा कुस्करून घातला तर अंगीही लागेल.”

“अंड्यात बटाटा? तुझ्या माहेरी घालत असतील.”

“माहेरी आम्ही अंडी नुसतं मीठ लावून खायचो, आई. तुमच्यासारखे तालेवार नव्हतो.”

तिखट आहे पोरगी. म्हणून तर मी पसंत केली होती. बटाटा घातला. साय घातली. मोहरी मात्र मी माझ्याच हातानं घालायची, ती कुणाला देणार नव्हते. फ्रिजमध्ये रिकाम्या पांढऱ्या वाट्यांचा ढीग साचायचा आणि मुलगा कामावरून आला की निमूट त्या खायचा.

एका सकाळी पाहुण्यांचा फोन आला आणि माझं लक्ष उडालं. सारण घोटलं, हाताच्या पाठीवर घेतलं, नेलं. ह्यांनी चाटलं. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघून हसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “छान झालंय.”

मी तशीच माघारी वळले.

स्वयंपाकघरात येऊन मी चाखलं. मीठ नाही. मोहरी नाही. बाटलीचं बूच तसंच लावलेलं. नुसता ओला खडू.

सून म्हणाली, “बाबा काय म्हणाले?”

“छान झालंय म्हणाले.”

“अय्या! मग तोंड का असं केलंत?”

“अगं, जीभ गेली त्यांची,” मी म्हटलं. “कधीची गेलीय कुणास ठाऊक. बटाटे घाला नाहीतर भिंतीचा चुना घाला, त्यांना सारखंच. आपलं मन राखायला गिळतायत.”

आणि गिळणंही कमीच होत गेलं. दोन चमच्यांनंतर म्हणायचे, पोट भरलं. सदऱ्याच्या गळ्यात आता माझी मूठ मावायची. वजनाचा दिवस जवळ आला तशी माझी झोप उडाली.

मग मी एक काम केलं. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतली पितळी वजनं काढली आणि ह्यांच्या कोटाच्या अस्तरात आतून शिवली. टाका असा घातला की शिंप्यालाही सापडू नये. सुनेनं बघितलं. सुईत दोरा ओवून दिला.

सकाळी मी कोट चढवला. ह्यांनी खांदे जरा हलवले, माझ्याकडे बघितलं, आणि चालू लागले. मला वाटलं, जमलं.

इस्पितळात नर्स म्हणाली, “या काका, काट्यावर उभे राहा.”

ह्यांनी कोट काढला. नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. “धर. जड आहे.”

मग काट्यावर चढले. आकडा स्वतः वाकून वाचला आणि नर्सला म्हणाले, “काटा बरोबर आहे तुमचा.”

शेक थांबले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी न्या, हवं ते खाऊ घाला. हवं ते! जीभ मेलेल्या माणसाला!

घरी आल्यावर मी तोफ डागली. “मोठे हरिश्चंद्र लागून गेलात! एक दिवस खोटं वागला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं? माझा तरी विचार करायचा!”

ह्यांनी घोटभर पाणी कसंबसं गिळलं. “त्या वजनावर औषध मोजतात गं. खोट्या काट्यावर मोजलेलं माझ्याच अंगात गेलं असतं ना?”

मी कोट घेतला आणि अस्तर उसवून वजनं पेटीत परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी अंडी पहिल्यासारखी केली. बटाटा नाही, साय नाही, पांढऱ्यात भरायची. कुणासाठी ते विचारू नका. राग होता माझा, बाटली उपडी केली ती दाबतच राहिले. सुनेनं बोटानं चाखलं आणि ठसका लागून ओट्याला धरून उभी राहिली. “आई, नाका-डोळ्यांतून पाणी आलं! केवढी मोहरी ही! हे बाबांच्या घशाला लावू नका.”

“घशाला नाही, जिभेच्या टोकाला लावीन.”

हाताच्या पाठीवर कणभर घेऊन गेले. हे उशीला टेकून बसले होते. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले, सारणाकडे बघितलंच नाही. मग वाकून चाटलं. डोळे मिटले.

“मोहरी कमी आहे,” म्हणाले.

दारात उभ्या सुनेनं पदर तोंडात कोंबला.

“आयुष्यभर हेच!” मी म्हटलं. “मरेपर्यंत ह्या माणसाचं समाधान व्हायचं नाही.”

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. पण मिशी हलली.

मी आत गेले, बाटली उचलली. सून मागोमाग आली, “आई, नका ना.”

“त्यांनी सांगितलंय,” मी म्हटलं, आणि उरली होती तेवढी सगळी मोहरी सारणात पिळली.