नूतनचा दहावा व्हिडिओ

शालिग्राम बहिरा आहे, असं सुरतेतलं अख्खं गोडादरा म्हणायचं आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यावर कान शाबूत राहतील कशाला? पण ओठ वाचण्यात त्याचा हात धरेल असा माणूस नव्हता. कारखान्यात सगळेच तसं बोलतात, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. तिथं ओरडून उपयोग नसतो.

नूतन त्याची थोरली. शाळेत असताना बापाचा डबा घेऊन कारखान्यात यायची, तिथंच तिनं ही विद्या उचलली. मग बापलेकीनं घरातही तोच उद्योग मांडला. सरलाबाई साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली असायची आणि ही दोघं तिच्या डोक्यावरून कुल्फीचे बेत करायची.

"मन्हा समोर हाई मुकं बोलू नका," म्हणून ती कावायची. स्वतः शिकायला मात्र कधी बसली नाही. घरात एक तरी माणूस आवाज काढून बोललं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

पोर मोठी झाली, पलसाण्याला एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये लागली आणि तिला सायकलचं खूळ लागलं. आधी रविवारी डुमस, मग दमण. आणि या फेब्रुवारीत तिनं जाहीर करून टाकलं की सुरतेहून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेनं एकटीच जाणार, बारा दिवस. सरलाबाईनं घर डोक्यावर घेतलं. एकटी पोर, परका मुलूख, उद्या सोयरीक आली तर सांगायचं काय? शालिग्राम जन्मात पहिल्यांदा बायकोपुढे उभा राहिला.

"जाऊ दे तिले. काही झायं तर माले धर," तो म्हणाला.

सरलाबाईनं एकच अट घातली. रोज संध्याकाळी सात वाजता पोरीचं तोंड दिसलं पाहिजे.

पहिल्या दिवसापासून नूतन रोज छोटा व्हिडिओ पाठवायची. कोकणात उतरल्यावर तिला रेंज मिळायची ती घाट चढून वर आल्यावर, उघड्या कातळी सड्यावर. तिथं वारा असा की फोनमध्ये नुसती घूंघूं भरायची. म्हणून ती व्हिडिओत आवाज न काढता ओठ ठसठशीत हलवायची. सरलाबाई फोन धरायची, शालिग्राम वाचायचा.

"काय म्हणस ती?"

"चढ भलता शे म्हणस. श्रीवर्धन मांगे पडनं."

नऊ दिवस असे गेले. सरलाबाईचा राग कधीच उतरला होता. शेजारणींना बोलावून ती पोरीचा समुद्र दाखवत होती.

दहाव्या दिवशीचा व्हिडिओ रत्नागिरीच्या पुढचा होता. नूतनचा चेहरा पांढराफटक पडलेला, केस तोंडावर येत होते आणि एक हात कुठं होता ते दिसत नव्हतं. तिनं बापाकडे बघावं तसं थेट समोर बघितलं.

'वारानी पाडी दिधं माले. हँडल पोटमा लागनं. भलतं दुखस. मायले सांगू नका पप्पा, नहीं ते ती परत बलाई ली. दोनच दिवस ऱ्हायनात. सकाळी दवाखानामा जास.'

मग हसली आणि आईसाठी हात हलवला.

"काय म्हणस?" सरलाबाईनं विचारलं.

खरं सांगायचं तर शालिग्रामला पोरीच्या आधी स्वतःचंच बोलणं आठवलं. माले धर. आता ही धरणार. शिवाय पोरीनं विश्वासानं सांगितलेलं, कुल्फीच्या दिवसांसारखं, फक्त त्यालाच.

"बरी शे. पोटभर जेवनी म्हणस," तो म्हणाला.

गॅलरीत जाऊन त्यानं आपल्या फोनवरून लिहिलं, आत्ताच डॉक्टरला दाखव. निरोप गेला, पण पोचल्याची दुसरी खूण काही उमटली नाही; पोर सड्यावरून खाली, रेंजबाहेर उतरली असणार. सकाळी जातेच म्हणाली आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि तो जेवायला बसला.

सकाळी फोन आला तो नूतन जिथं मुक्कामाला होती त्या घरच्या बाईंचा. पोर उठलीच नाही.

हँडलच्या माराने प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचत गेलं. रत्नागिरीच्या इस्पितळात डॉक्टर बाजूला होऊन हवालदाराशी हळू बोलले, "संध्याकाळीच आणली असती तर वाचली असती." जवळ उभ्या माणसांना ते ऐकू गेलं नाही. शालिग्रामनं ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचलं.

सरलाबाईनं त्याला धरलं नाही. तेच त्याला सहन होईना. "पोटभर जेवीसन गई मन्ही पोर," एवढं ती येईल त्याला सांगायची आणि तेवढ्यावर तगून होती. सात वाजले की व्हिडिओ लावायची आणि नवऱ्याला विचारायची, काय म्हणस? आणि तो सांगायचा. रोज.

तेराव्याला लोटू आला, शालिग्रामच्या शेजारच्या मागावरचा. सरलाबाईनं फोन त्याच्यापुढे धरला. "भाऊ, तुम्हीबी वाचतस ना?"

लोटूनं बघितलं. मग शालिग्रामकडे बघितलं.

"हाव वहिनी. जेवनी म्हणस."

चहा न घेताच तो उठला. त्या दिवसापासून कारखान्यात लोटू त्याच्याकडे बघून ओठ हलवत नाही.

पुढे सरलाबाईनं विचारायचं सोडलं. एकटीच व्हिडिओ लावायची, पुन्हा पुन्हा, आणि तिचे ओठ पोरीच्या ओठांबरोबर हलायचे. शालिग्रामला वाटलं, जप करते. बरं वाटलं त्याला. टिकल्यांचं काम तसंच पडून होतं.

दोन महिन्यांनी एकदा तो पाळीवरून आला तेव्हा सात वाजून गेले होते. सरलाबाईनं फोन खाली ठेवला, उठून दिवा लावला आणि त्याला नीट दिसेल अशी तोंड उजेडाकडे करून उभी राहिली. तिचे ओठ हलले, सावकाश, एकेक अक्षर ठसठशीत. आवाज होता की नव्हता, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

'भलतं दुखस. मायले सांगू नका.'

मग ती थांबली आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिली.